काजूच्या काट्यावरचं वर्ष

माझं वजन आमच्या तालुक्यात छापून वाटलेलं आहे. ब्याण्णव किलो. चांगल्या जाड कागदावर, दोन रंगांत, शेजारी माझा जेवतानाचा फोटो. ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं त्यांनाही तो आकडा माहीत झाला. एसटीत कंडक्टर तिकीट देताना माझ्याकडे बघून हसला, तेव्हा मला कळलं की पत्रक त्याच्या रूटवरही पोचलं. त्यामुळे इथे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पत्रकं लिहिणं हे माझंच काम. कॉलेजपासून लिहिते. आधी काय झालं ते सांगायचं, मग कोणी केलं ते, मग आपली मागणी, आणि शेवटी इशारा. रडायचं नाही, अलंकार घालायचे नाहीत. तर आधी काय झालं ते.

आमचं गाव खाडीकाठी आहे. खाडीतली वाळू एका माणसाचे पंप उपसतात. त्याला मी इथे वाळूवाला म्हणेन. तोंडावर मी त्याला काका म्हणते, कारण गावनात्याने तो काकाच लागतो. आमच्याकडे ज्याचा गळा धरायचा त्यालाही आधी नात्याने हाक मारावी लागते. पंपांनी तळ खरवडला की काठ ढासळतो, खारबंधारा खचतो आणि खारं पाणी भातात शिरतं. आमच्या भाताच्या दोन कुणग्यांत ते शिरलं. पाणी ओसरल्यावर मातीवर पांढरी साय धरली होती. आईने बोट लावून चाखलं आणि थुंकली. म्हणून आम्ही कचेरीसमोर मांडव घालून साखळी उपोषणाला बसलो.

साखळी उपोषणात रोज वेगळी पाच माणसं बसतात. आपला दिवस संपला की घरी जायचं, जेवायचं, पुन्हा पाळी आली की यायचं. नियमच तसा आहे, आणि तो अर्जात लिहिलेला होता. मी लिहिला होता. सोमवारी माझी पाळी. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने सकाळी सगळ्यांना काट्यावर उभं केलं, माझे एक्याण्णव किलो चारशे ग्रॅम भरले. दिवसभर पाण्यावर बसले. मंगळवारी घरी. बुधवारीही घरी, आणि आमच्याकडे बुधवार हा माशाचा वार. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं ठेचून घातलेलं. दोन वेळा भात घेऊन जेवले. आणि जेवता जेवता ताटाचा, तोंडातल्या घासाचा फोटो काढून मी स्वतः स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘आज सुट्टी.’

ही चूक माझी. शत्रू फोन हातात घेऊन बसलेला असतो हे मी दुसऱ्यांना शिबिरात शिकवते.

गुरुवारी पुन्हा माझी पाळी. नेमका त्या सकाळी वाळूवाला ‘चर्चेला’ आला होता. मांडवाच्या खांबाला टेकून उभा. सिस्टरने काट्याकडे बघितलं आणि कारकुनाला लिहून घेता यावं म्हणून मोठ्याने वाचलं, “ब्याण्णव.”

“किती?” वाळूवाला म्हणाला.

“ब्याण्णव,” सिस्टर बिचारी पुन्हा म्हणाली.

“सोमवारी एक्याण्णव होता मा?” त्याने आमच्या पाचही जणांकडे एकेक करून बघितलं. “ह्या उपोषण बरां आसा गो! उपाशी ऱ्हवान वजन वाढता. माझ्या बायलेक हाडून बसवतंय, लय बारीक झाली हा.”

लोक हसले. त्याची माणसं हसली असती तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आमची माणसं हसली. ज्यांच्या शेतात खारं पाणी होतं ती हसली. फलक धरून उभा असलेला माझा चुलता इतका हसला की फलक हलायला लागला. माझी आई तेवढी हसली नाही.

शनिवारी पत्रक आलं. वर माझा फोटो, गाल फुगलेला, बोटाला तिखलं. खाली दोन आकडे आणि त्यांच्यामध्ये वर जाणारा बाण. मथळा, ‘उपोषण की मेजवानी?’ मी ते पत्रक धंद्याच्या नजरेने वाचलं आणि त्याचाच मला जास्त राग आला. चांगलं होतं. एकही शब्द जास्तीचा नव्हता. दोन दिवसांत मांडव उठला. पंप पुन्हा सुरू झाले, आणि मला सगळे सांगायला लागले की मनावर घेऊ नको.

मी मनावर घेतलं. ठरवलं की पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं, आमरण बसायचं, आणि त्याच्यासमोर त्याच काट्यावर चढायचं. पंचाहत्तर किलो. सिस्टर आकडा वाचेल आणि त्याला बोलायला काही उरणार नाही. तब्येत, गुडघे, लग्न असली कारणं मला लोकांनी पुढे खूप पुरवली. त्यातलं एकही माझं नव्हतं. मला त्याचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं, बस.

घरात काटा नव्हता. बाजारात एक काकी काजू बी खरेदी करते, तिच्याकडे गोणी तोलायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सकाळी सातला दुकान उघडायची वेळ. मी जाऊन उभी राहिले.

“वजन करूचा आसा.”

“बी खंय?”

“बी नाय. माझा.”

काकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिने पत्रक वाचलं होतं, ते तिच्या गल्ल्यावर होतं, त्यावर चहाचा कप ठेवलेला होता. तिने कप उचलला, पत्रकाचा बोळा करून फेकला आणि म्हणाली, “चपला काढ. चढ.”

आकडा आला. काकीने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. “ब्याण्णव दोनशे. अर्धो किलो बारदान वजा.”

“बारदान?”

“तुझे कपडे. लोकांच्या गोणीचा बारदान वजा करतंय, मगे तुझा नको?”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी काजूच्या काट्यावर चढले. हंगाम सुरू होता, त्यामुळे मागे बी घेऊन आलेल्यांची रांग असायची. ओली बी जास्त वजन दाखवते म्हणून काकी हाताने चाचपून बघते, हे सगळ्यांना ठाऊक. एका सकाळी आकडा दोनशे ग्रॅमने वर गेला आणि रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “काकी, ही बी ओली दिसता. दोन दिस उन्हात घाल.”

“तू गप रव. तुझ्या गोणीत अर्धे खडे.”

पहिल्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. वाळूवाल्याचं हसणं आणि या म्हाताऱ्याचं हसणं यात फरक होता. म्हातारा स्वतःही नंतर काट्यावर चढला, त्रेचाळीस किलो भरला, आणि काकी म्हणाली की याचं तर नुसतं बारदानच आहे.

आकडे मी उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर लिहायचे. आमच्या पडलेल्या उपोषणाचे गठ्ठेच्या गठ्ठे घरी होते. पुढच्या बाजूला ‘खाडी वाचवा’, मागच्या बाजूला मी. दीड महिन्यांनी त्या आकड्यांना एक चाल दिसायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, म्हणजे शिवराकाचे, बिनमाशाचे वार, दुसऱ्या दिवशी वजन खाली. बुधवार, शुक्रवार, रविवार, म्हणजे माशाचे वार, दुसऱ्या दिवशी वर. सिस्टरला दाखवलं. ती म्हणाली, “चरबी नाही ती, पाणी आहे. सुकं, खारं खाल्लंस की अंग पाणी धरून ठेवतं. एका दिवसाचा आकडा बघू नको, आठवड्याचा बघ.” तिने हे मांडवात, माइकसमोर सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. पण तिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

मला मात्र एका दिवसाचाच आकडा हवा होता. मी मासा बंद करायला निघाले. मी ऐकेना म्हटल्यावर आईने निम्मं मान्य केलं: मासा सुटणार नाही, पण माझा मी वेगळा करायचा. मी माझा बांगडा वेगळा काढून नुसत्या पाण्यात, मीठसुद्धा न घालता उकडला. खोबरं नाही, तिरफळ नाही, कोकम नाही. ताटात तो करडा पडून होता. आई समोर येऊन बसली.

“आजारी आसंस?”

“नाय.”

“मगे ह्या माशान तुझा काय केल्यान?”

तीन आठवडे तसलं खाल्लं. वजन भराभर उतरलं, त्र्याऐंशीपर्यंत आलं, आणि मी घरात सगळ्यांवर ओरडायला लागले. पत्रकांत विशेषणं घुसायला लागली. ताटावर बसले की वाळूवाला दिसायचा. खांबाला टेकून उभा, गालातल्या गालात हसत, माझ्या ताटात किती भात आहे ते मोजत. माझी खाडी त्याने उपसलीच होती, आता तो माझ्या जेवणातही शिरला होता आणि त्याला आत मीच घेतलं होतं. हे ज्या दिवशी डोक्यात आलं त्या दिवशी घरात ओल्या काजूगरांची उसळ होती. ओले गर वर्षातून थोडे दिवसच मिळतात. सोलताना बोटांची सालं निघतात, आईची निघाली होती. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, वाढ.

“किती?”

“नीट वाढ.”

आईने वाढलं. मी बसून, सावकाश, बोटं चाटून खाल्लं. दुसऱ्या सकाळी सहाशे ग्रॅम वर. काकी म्हणाली, “काय गावला काल?” मी म्हटलं, उसळ. ती म्हणाली, “मगे बरोबर आसा.”

त्यानंतर मी एक तह केला, तो आईशी आणि काट्याशी. दुपारी आईच्या हातचं पूर्ण जेवायचं, सगळं घालून केलेलं, पण बसून आणि एकदाच वाढून घेऊन. दुसरा भात नाही. रात्री उकड्या तांदळाची पेज आणि जे असेल ते तोंडी लावायला. संध्याकाळी खारबंधाऱ्यावरून टोकापर्यंत चालत जायचं आणि परत. टोकावरून पंप दिसायचे. चालायला तेवढं कारण मला पुरायचं. वजन आता कासवासारखं उतरत होतं, मध्येच आठवडाभर बसून राहायचं, पण उतरत होतं. पावसाळ्यात काजूचा हंगाम संपला, तरी काकी माझ्यासाठी काट्यावरचं प्लास्टिक काढायची. दिवाळी झाली तेव्हा मी एकोणऐंशी होते.

सूड विसरले नव्हते. सूड नीट जेवत होता एवढंच.

पावसानंतर पंप पुन्हा आले आणि आम्ही देवळात बैठक घेतली. मी आमरण उपोषणाचा अर्ज लिहूनच नेला होता. वाचायला लागले तोच माझी आई उठली. आई बैठकीत कधी बोलत नाही.

“परत उपाशी?” ती म्हणाली. “उपाशी ऱ्हवान कोणाक दाखवतलास? तेका तर आमी उपाशीच व्हये आसव. त्यापेक्षा खाडी आमका काय देता ता कचेरीच्या दारात शिजवया. रोज पंगत घालया. बघांदेत सगळे, काय मरता ता.”

सगळे एकदमच बोलायला लागले. बायकांनी लगेच वाटणीही करून टाकली: तिसऱ्यांचे शिंपले कोण काढणार, कुर्ल्या कोण आणणार, भाताचे मोठे टोप कोणाकडून. मी उभीच होते, हातात आमरणाचा अर्ज. कल्पना चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती. आणि मला आईचा इतका राग आला होता की कान तापले होते. वर्षभर मी तेरा किलो कशासाठी उतरवले? पंगतीत बसून वाढवायला?

“हिच्या वजनाचा काय?” मागून काजूवाली काकी ओरडली. “वर्षभर माझ्या काट्यार चढली हा! तेच्यासमोर चढूचा आसा तिका!”

पुन्हा सगळे हसले. या वेळी मीही हसले, पण अर्धीच. मग मी म्हटलं, पंगत तर पंगत. पण वजन रोज होणार.

कचेरीत अर्ज द्यायला गेले तेव्हा कारकून बराच वेळ कागद उलटसुलट करत होता.

“मॅडम, विषय काय लिहू? रजिस्टरला उपोषण आहे, मोर्चा आहे, धरणं आहे. जेवण असं काही नाही.”

“इतर लिहा.”

“आणि हे, रोज वैद्यकीय तपासणी? तुम्ही तर खाणार आहात.”

“आंदोलकाची तब्येत रोज तपासायची असते. बिघडली तरी, सुधारली तरी.”

पहिल्या दिवशी सिस्टर आली, काटा ठेवला. तिने वाचण्याआधी मीच माइक घेऊन वाचलं. एकोणऐंशी दोनशे. मग पंगत बसली, रस्त्याच्या कडेला, पत्रावळींवर. तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. कचेरीतली माणसं डबे घेऊन खिडकीत उभी राहून खाली बघत होती. दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी सहाशे, तिसऱ्या दिवशी ऐंशी. प्रत्येक आकडा मी मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक आकड्यागणिक पंचाहत्तर हातातून लांब जात होतं. पण चौथ्या दिवशी शुक्रवार होता, आईने कुर्ल्यांचं सांबारं केलं होतं, आणि मी नांगी फोडताना पूर्ण विसरले की मी कोणावर रागावलेली आहे. असं वर्षभरात पहिल्यांदा झालं.

त्याच संध्याकाळी वाळूवाल्याने निरोप पाठवला. ‘उद्या मीय येतलंय जेवक. खाडी सगळ्यांचीच आसा.’ निरोप त्याने आधी पत्रकारांना दिला आणि मग आम्हाला.

हुशार माणूस. आमच्या पंगतीत बसणार, आमचंच जेवणार, फोटो काढून घेणार, आणि दुसऱ्या दिवशी छापून येणार की वाद मिटला. पंगतीत येऊन बसलेल्या माणसाला उठवता येत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं.

शनिवारी पहाटेच्या सुकतीला, पाणी ओसरल्यावर, बायका तिसऱ्या काढायला खाडीत उतरल्या. मीही उतरले. त्या नेहमीच्या जागी गेल्या, मी थोडी पुढे, उपशाच्या कडेला, जिथे पंपाने तळ ढवळलेला होता. तिसरी आणली की आई ती मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवते. मग तिसरी तोंड उघडते आणि पोटातली वाळू बाहेर टाकते. हे ज्या घरात करत नाहीत त्या घरात पाव्हणा दुसऱ्यांदा जेवायला येत नाही. माझ्या टोपलीतली तिसरी मी पाण्यात ठेवली नाही. चिरली, धुतल्यासारखी केली आणि आईच्या मोठ्या टोपातला मसाला घेऊन एका छोट्या टोपात वेगळी शिजवली. शनिवार असूनही आंदोलनापुरते वार आम्ही बाजूला ठेवले होते, पण आई आंघोळ करून देवाची क्षमा मागायला गेली होती. काजूवाली काकी मात्र तिथेच खोबरं किसत होती. तिने छोट्या टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“माका काय दिसूक नाय,” ती म्हणाली आणि किसत राहिली.

तो आला. पांढरा शर्ट, हात जोडलेले, मागे दोन कॅमेरे. मधोमध बसला. मी वाढत होते. त्याच्या उजवीकडच्याला मोठ्या टोपातून वाढलं, डावीकडच्याला मोठ्या टोपातून वाढलं, आणि त्याच्यासाठी खाली वाकून छोटा टोप उचलला. याला पंक्तिप्रपंच म्हणतात. एका पंगतीत दोन प्रकारचं वाढणं. याहून मोठं पाप आमच्याकडे वाढणाऱ्या हाताला नाही, हे मला लहानपणापासून सांगितलेलं आहे.

“पोटभर वाढ हां गो,” तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. “तू बारीक झालंस. आता आमका जाडो कर.”

मी पोटभर वाढलं.

पहिला घास गेला आणि त्याचा जबडा थांबला. मला तो आवाज ऐकू आला. शेजारी बसलेल्या माझ्या चुलत्यालाही आला असावा, कारण त्याने मान वळवली. दातांखाली कचकच. कॅमेरे समोर होते. थुंकणं शक्य नव्हतं; खाडीकाठच्या माणसाने खाडीच्या बायकांचं जेवण थुंकलं, हा फोटो कोणाला हवा होता? त्याने गिळलं. दुसरा घास. मी समोर ओगराळं घेऊन उभी होते. तिसरा. तो मला बघत होता आणि त्याला कळलं होतं.

“कशे झाले काका?”

“बरे,” तो म्हणाला.

“परत वाढू?”

“नको, नको.”

“असा कसा? पंगतीत लाजाचा नसता.” आणि मी परत वाढलं.

त्या दिवशी सिस्टर लसीकरणामुळे उशिरा आली, पंगत उठल्यावर. तिने काटा ठेवला. म्हणजे ज्या क्षणासाठी मी वर्षभर काजूच्या गोण्यांबरोबर तोलून घेतलं तो क्षण आपणहून आला. वाळूवाला चार हातांवर उभा होता. मी चढले. सिस्टरने वाचलं, “ऐंशी पाचशे.” मी त्याच्याकडे बघितलं. तो बघतच नव्हता. गाल आत ओढून जिभेने दाढांमधली वाळू शोधत होता. एकदा पाठ वळवून रुमालात काहीतरी टाकलं. माझ्या साडेअकरा किलोंचं त्याला काहीच पडलेलं नव्हतं. आकडा त्याने ऐकलासुद्धा नाही.

मी खाली उतरले. थोडं वाईट वाटलं. आकड्याचं.

दुसऱ्या दिवशी वाद मिटल्याची बातमी आली नाही. ती यायची होती, पण त्याने कॅमेऱ्यासमोर बोलायचंच टाळलं आणि गाडीत बसून गेला. पंगती आणखी तीन दिवस चालल्या. सध्या पंप सुनावणीपर्यंत बंद आहेत. पुढचं पत्रक मी लिहून ठेवलेलं आहे.

पण त्या शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर आई भांडी आवरत होती. छोट्या टोपात अर्धं उरलं होतं. आपण केलेलं नाही असं कालवण बघून तिने बोटावर घेऊन चाखलं. तिचाही जबडा थांबला. मी जागची हलले नाही.

“कोणाक वाढलंस ह्या?”

मी सांगितलं.

आई ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू बोलली, ते जास्त वाईट होतं. “सूड घेवचो तर तोंडान घे. कागद छापून घे. हातान थोबडाव तेका, मी आड येवचंय नाय. माझ्या टोपान कित्याक घेतलंस? चाळीस वर्षां मी वाढतंय. माझ्या तिसऱ्यांत वाळू लागली असा आता तो घराकडे जावन सांगतलो.”

“तो सांगूचो नाय. सांगल्यान तर तेका कारणय सांगूचा लागात.”

“मी जाणतंय मा पण!”

आईने पत्रावळ मांडली, भात वाढला आणि छोटा टोप उचलून सगळा माझ्या भातावर रिकामा केला.

“बस. खा. पंगतीत सगळ्यांका सारख्या.”

मी बसले. पहिल्याच घासाला दातांखाली वाळू आली, कानापर्यंत आवाज गेला. आई समोर उकिडवी बसून राहिली, एक एक शिंपला रिकामा होताना मोजत. किसणी आवरायला मागे राहिलेली काकी भिंतीकडे तोंड करून हसत होती. मसाला आईचाच होता, खोबरं खमंग भाजलेलं. मी सावकाश खाल्लं, बसून, बोटं चाटून, जसं वर्षभर शिकले होते तसं. शेवटचा शिंपला संपला तेव्हा आईने विचारलं, “कशी लागली?”

“वाळू आसा,” मी म्हटलं. “पण चव बरी आसा.”

“परत करशीत?”

खोटं बोलायची माझी पद्धत नाही, पत्रकातही नाही.

“तो परत जेवक इलो तर करीन,” मी म्हटलं, “पण टोप काकीचो घेईन.”